नावाआधीचं टिंब : लिनक्समधलं लपलेलं फोल्डर आणि आजीच्या ओव्या



आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तो तुमच्या-आमच्या घरातल्या कपाटातल्या जुन्या पेनड्राइव्हचा विषय आहे. पेनड्राइव्ह लावला, गाणी वाजवायचं ॲप उघडलं आणि समोर काहीच आलं नाही, असं तुमच्याकडे कधी झालंय का? अशा वेळी घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, "रिकामाय तो, फॉरमॅट मारून टाक." मग एक बटण दाबलं जातं आणि विषय संपतो. खरं तर तिथेच थांबून दोन मिनिटं नीट बघायला हवं. काय बघायचं, कसं बघायचं आणि बघितल्यावर काय करायचं, हे मुलांना शिकवता येतं. पाचवीच्या पुढचं कोणतंही मूल हे शिकू शकतं.

मी जुन्नर तालुक्यात पिंपळवंडी परिसरात शिकवतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडलं की आळेफाट्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. ऊस, कांदा, टोमॅटो यांत गुंतलेली घरं. आमच्या संगणक कक्षात जुने चार संगणक आहेत. नवीन विंडोज त्यांना पेलत नाही, म्हणून त्यांवर उबुंटू नावाचं लिनक्स टाकलंय. फुकट आहे, जुन्या यंत्रावरही चालतं, आणि मुलांना आत डोकावून बघता येतं. कविता आणि गाणी ऐकवायला त्यात रिदमबॉक्स आणि व्हीएलसी ही दोन ॲप आहेत. रिदमबॉक्स म्हणजे गाण्यांचं कपाट. आपण एक फोल्डर दाखवायचं, तो सगळी गाणी गोळा करून यादी लावतो. व्हीएलसीला समोर द्याल ती फाईल तो वाजवतो.

त्या वर्षी सातवीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. घरातल्या मोठ्या माणसांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या. लिहून आणा, नाहीतर आवाज भरून आणा. यामागे एक मोठा दाखलाही होता. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून ओव्या गोळा करण्याचं काम अनेक वर्षं केलं. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. आज हा संग्रह पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संग्रहातून कोणालाही ऐकता येतो. आपल्या शेजारचं नारायणगाव विठाबाईंमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्यासारख्या नामवंतांचा आवाज कुठे ना कुठे राहतो. पण पहाटे उठून दळण दळणाऱ्या आजीचा आवाज कोणी मुद्दाम जपला तरच राहतो. म्हणून हे काम.

तर एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. चेहरा उतरलेला.

"सर, यात आमच्या आजीच्या ओव्या होत्या. आता काहीच दिसत नाही. मामा म्हणाले, रिकामा झालाय, त्याच्यावर भजनं भरून घेऊ."

मी विचारलं, आजी कधी गेल्या? म्हणाला, २०२१ मध्ये. ओव्या त्याच्या आदल्या वर्षीच्या. तुम्हाला आठवत असेल, २०२० मध्ये शाळा बंद होत्या आणि 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज मोबाईलवर यायची. त्या काळात याची मोठी बहीण घरीच होती. आजी ओटीवर बसून गुणगुणायची, बहिणीने मोबाईलचा रेकॉर्डर लावला आणि एकेक करत बऱ्याच ओव्या भरून घेतल्या. पुढे तो मोबाईल खराब झाला. त्याआधी सगळं या पेनड्राइव्हवर उतरवलं होतं. म्हणजे आता जे काही होतं ते एवढंच.

आम्ही पेनड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावला. फोल्डरची खिडकी उघडली, पांढरी कोरी. रिदमबॉक्समध्ये पेनड्राइव्ह दिसला, पण गाणं एकही नाही. वर्गातली चार-पाच मुलं भोवती जमली होती. त्यांना मी म्हणालो, आधी हे बघा की जागा किती गेलीय. पेनड्राइव्हच्या नावावर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज. तिथे वापरलेली जागा दिसली, तीनशे एमबीच्या आसपास.

इथे थांबून मुलांना विचार करू द्या. अगदी कोऱ्या पेनड्राइव्हमध्येही थोडी जागा वापरलेली दिसते, पण ती काही केबी. तीनशे एमबी म्हणजे आत काहीतरी आहे. डब्याचं झाकण उघडलं तर आत काही दिसत नाही, पण हातात घेतला तर जड लागतो. मग डबा रिकामा कसा? आमच्यातली एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, मग आत चोरकप्पा असणार."

बरोबर. मी तिलाच कीबोर्डवर कंट्रोल आणि एच ही दोन बटणं एकत्र दाबायला सांगितली. खिडकीत दोन फोल्डर उमटली. एकाचं नाव 'डॉट ट्रॅश-१०००'. दुसऱ्याचं नाव 'आजी', आणि त्या नावाच्या आधी एक टिंब.

त्या टिंबाची गोष्ट मुलांना फार आवडते, तुम्हीही सांगा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स नावाची संगणक प्रणाली घडत होती. तिच्यात प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असतात. एक टिंब म्हणजे 'हेच फोल्डर' आणि दोन टिंबं म्हणजे 'याच्या वरचं फोल्डर'. आतल्या वस्तूंची यादी काढली की दर वेळी या दोन नोंदी मध्ये यायच्या. त्या दिसू नयेत म्हणून यादी काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोपा नियम घातला गेला, की नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव वगळायचं. झालं असं, की त्या दोन नोंदींबरोबर टिंबाने सुरू होणारं प्रत्येकच नाव वगळलं जाऊ लागलं. मग लोकांनी त्याचा उपयोगच करून घेतला. नको तेवढी गर्दी लपवायची तर नावाआधी टिंब द्यायचं. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाईक यांनी २०१२ मध्ये ही हकिकत लिहिली आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं, तेव्हा ही सवय तिथेही आली. मोबाईलमधलं अँड्रॉइडही लिनक्सच्या पायावर उभं आहे, त्यामुळे तीच पद्धत मोबाईलवरसुद्धा चालते.

आता तुम्ही म्हणाल, फोल्डर दिसलं, मग वाजवायला काय हरकत? गंमत इथेच आहे. फोल्डरच्या खिडकीत 'आजी' दिसत होती, पण रिदमबॉक्स अजूनही काही दाखवत नव्हता. मुलं म्हणाली, हा बिघडलाय. बिघडलेला नव्हता. यादी लावताना टिंबाने सुरू होणारी फोल्डरं तो सोडून देतो. त्यालाही कारण आहे. लिनक्सवर तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये अशी बरीच टिंबवाली फोल्डरं आधीपासून असतात. कुठे ॲपच्या सेटिंगा, कुठे तात्पुरत्या साठवलेल्या फायली. रिदमबॉक्स स्वतःची गाण्यांची यादीसुद्धा अशाच एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो. प्लेअरने सगळीकडे तोंड घातलं तर कुठल्या खेळाचे टुंग-टुंग आवाजही तुमच्या गाण्यांच्या यादीत येऊन बसतील. पाहुणा ओटीवर बसतो, न विचारता कोठीघरात शिरत नाही. तसंच हे.

मग लपलेल्या फोल्डरमधला आवाज ऐकायचा कसा? आम्ही मुलांबरोबर एकेक वाट करून बघितली.

पहिली वाट व्हीएलसीची. व्हीएलसी उघडून कंट्रोल आणि ओ दाबायचं. फाईल निवडायची खिडकी येते. तिच्यात कंट्रोल आणि एच दाबलं, किंवा मोकळ्या जागी उजवी क्लिक करून 'लपलेल्या फायली दाखवा' हा पर्याय घेतला, की टिंबवालं फोल्डर दिसतं. आत जाऊन हव्या त्या फायली निवडायच्या आणि उघडायच्या.

दुसरी वाट ओढण्याची. फोल्डरची खिडकी एका बाजूला, व्हीएलसीची यादी दुसऱ्या बाजूला. लपलेलं फोल्डर आधी दिसतं करायचं, मग ते उचलून यादीत सोडायचं. लहान मुलांना ही वाट सोपी जाते.

तिसरी वाट नाव टाईप करण्याची. फोल्डरच्या खिडकीत कंट्रोल आणि एल दाबलं की वर पत्त्याची पट्टी उघडते. तिथे टिंबासकट पूर्ण पत्ता लिहिला की थेट आत जाता येतं. नाव माहीत असेल तर लपलेलं असलं तरी अडत नाही.

चौथी वाट जोडणीची. आपल्या 'म्युझिक' फोल्डरमध्ये एक दुवा तयार करायचा, ज्याच्या नावाआधी टिंब नाही, पण तो त्या लपलेल्या फोल्डरकडे बोट दाखवतो. टर्मिनलमध्ये 'एलएन' या आज्ञेला 'एस' हा पर्याय देऊन तो बनतो. मूळ फोल्डर होतं तसंच राहतं. असा दुवा संगणकावर बनवा. पेनड्राइव्हची नेहमीची मांडणी असे दुवे साठवू शकत नाही.

पाचवी वाट सगळ्यात सरळ. फोल्डरवर एफ-२ दाबून नावातलं टिंब काढून टाकायचं. मग ते सगळीकडे दिसेल, रिदमबॉक्समध्येही आणि मोबाईलमध्येही.

एक सूचना. उबुंटूवर काही ॲप 'स्नॅप' पद्धतीने बसवलेली असतात. तुमच्या स्वतःच्या फोल्डरमधली टिंबवाली फोल्डरं वाचायची परवानगी अशा ॲपना साधारणपणे नसते. सगळं बरोबर करूनही प्लेअर "उघडता येत नाही" म्हणत असेल, तर त्या फायलींची प्रत साध्या फोल्डरमध्ये करा आणि तिथून वाजवा.

मुलगा एफ-२ वर बोट ठेवून तयारच होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, आधी हे टिंब कोणी दिलं ते विचारू.

त्याने मधल्या सुट्टीत माझ्या फोनवरून बहिणीला फोन लावला. ती आता पुण्यात शिकायला असते. तिने सांगितलं ते ऐकून मुलं गप्प झाली. आजी गेल्यावर घरातल्या मोबाईलवर गाणी लागली की मध्येच आजीचा आवाज यायचा. एखादं गणपतीचं गाणं, मग लग्नातलं गाणं, आणि त्यानंतर अचानक आजी. आई भाकरी थापता थापता थांबायची. परातीत हात तसाच. एकदा तवा तापून धूर झाला तरी तिला कळलं नाही. मैत्रिणीने सांगितलं की फोल्डरच्या नावाआधी टिंब दिलं तर ते गाण्यांच्या यादीत येत नाही. म्हणून तिने दिलं. पुढे ती शिकायला गेली, मोबाईल गेला, आणि पेनड्राइव्हवर उतरलेलं ते टिंब घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे ते फोल्डर कोणीतरी मायेने झाकून ठेवलं होतं.

मग मी मुलाच्या आईला फोन केला. "ताई, आजींचे आवाज सापडलेत. सगळे नीट आहेत." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "खरंच आहेत का सर?" मी हो म्हटलं आणि विचारलं, "ताई, ते लपवलेलं उघडं करून देऊ का, की तसंच ठेवू?" त्या म्हणाल्या, "तुम्ही वर्गात लावा सर. पोरांनी ऐकू द्या. पण ते टिंब का काय ते राहू द्या. माझ्या मनात येईल तेव्हा मी लावून घेईन. एकदम कानावर नको यायला."

म्हणून आम्ही पाचवी वाट सोडली आणि पहिली घेतली. टिंब तसंच ठेवलं. वर्गात व्हीएलसीवर तीन ओव्या लावल्या. आजीचा आवाज बारीक, पण ठाम. मागे कोंबड्या, लांबून एसटीचा हॉर्न, आणि मध्येच नातीचा आवाज, "आजी, परत म्हण." माहेराच्या वाटेची, भावाची, पंढरीची ओवी. ऐकून झाल्यावर एकाने विचारलं, "सर, दळण तर गिरणीत नेतात ना? मग गाणं कधी म्हणायच्या?" त्या एका प्रश्नावर पुढचा पूर्ण तास गेला. जातं म्हणजे काय, खुंटा कसा धरायचा, दोघी समोरासमोर बसून कशा दळायच्या, पहाटेच का. दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी आपापल्या आज्यांना विचारून घरच्या अडगळीतली जाती शोधून काढली.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आई स्वतः आल्या. कानाला हेडफोन लावून एकच ओवी ऐकली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "याच्या दोन प्रती करून ठेवा सर. एक पेनड्राइव्ह म्हणजे काही खरं नाही." संगणकाच्या पुस्तकात यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही. एक प्रत शाळेतल्या संगणकावर, एक बहिणीकडे पुण्यात, आणि मूळ घरी.

मित्रहो, या निमित्ताने लपलेल्या फोल्डरांचे आणखी काही प्रकार सांगतो. हे तुमच्याकडे हमखास येतील.

पेनड्राइव्हवरचं दुसरं फोल्डर आठवतंय? 'डॉट ट्रॅश-१०००'. लिनक्सवर पेनड्राइव्हमधली फाईल डिलीट केली की ती लगेच जात नाही, या लपलेल्या कचरापेटीत पडते. १००० हा त्या संगणकावरच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक. म्हणून "सगळी गाणी काढली तरी पेनड्राइव्ह भरलेलाच दिसतो" अशी तक्रार येते. चुकून काढलेलं गाणं परत मिळवायचं असेल तरी आधी इथेच शोधा.

दुसरा प्रकार व्हायरसचा. विंडोजच्या संगणकावर लावलेल्या पेनड्राइव्हमधली फोल्डरं अचानक गायब होतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात. व्हायरसने मूळ फोल्डरांवर विंडोजचा 'लपवा' हा शिक्का मारलेला असतो. लिनक्स तो शिक्का मानत नाही, तो फक्त टिंब बघतो. त्यामुळे तोच पेनड्राइव्ह लिनक्सला लावला की फोल्डरं बहुतेक वेळा साधी दिसतात आणि त्यांची प्रत काढता येते. एकाच्या नजरेला लपलेलं दुसऱ्याला सरळ दिसतं, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवा.

तिसरा मोबाईलचा. ज्या फोल्डरमध्ये 'डॉट नोमीडिया' नावाची रिकामी फाईल असते, त्यातली गाणी आणि फोटो अँड्रॉइड आपल्या यादीत घेत नाही. फाईल मॅनेजरमधून मात्र ती सापडतात. चौथा मॅकचा. मॅक संगणकावरून उतरवलेल्या पेनड्राइव्हमध्ये टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फायली असतात. नाव गाण्याचं, पण आत गाणं नसतं. त्या वाजत नाहीत म्हणून घाबरू नका, खरं गाणं शेजारीच असतं.

आता पालकांसाठी थोडं वेगळं. हा लेख वाचून कंट्रोल-एच तुमच्या हातात आलंय. ते मुलांच्या हातातही आहे. म्हणून दोन गोष्टी घरात बोला. एक, टिंब म्हणजे कुलूप नव्हे. ज्याला दोन बटणं माहीत आहेत तो आत जाऊ शकतो. तुमची कागदपत्रं, मुलींचे फोटो, आम्हा शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, यांतलं काहीही टिंबाच्या भरवशावर ठेवू नका, त्याला पासवर्ड हवा. दोन, दिसलं म्हणून उघडायचंच असं नाही. शेजाऱ्याचं दार नुसतं लोटलेलं असलं तरी आपण कडी वाजवतो. मुलाच्या संगणकात एखादं लपलेलं फोल्डर सापडलं आणि काळजी वाटली, तर आधी त्याला विचारा. कधी त्यात लपवाछपवी असेल, कधी अर्धवट लिहिलेली कविता असेल, आणि कधी एखाद्या घरासारखं दुःख झाकलेलं असेल. विचारल्याशिवाय कळत नाही.

शिक्षकांनो, एका तासात हे सगळं होतं. एक पेनड्राइव्ह घ्या, त्यात टिंबाचं एक फोल्डर करून दोन गाणी ठेवा आणि मुलांना द्या. जागा बघायला लावा, अंदाज करायला लावा, मग शोधायला लावा. शेवटी प्रश्न विचारा, हे कोणी आणि का लपवलं असेल? उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

आणि या रविवारी घरातले जुने पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड एकदा काढा. फॉरमॅट करायच्या आधी वापरलेली जागा बघा, लपलेलं दिसतं करून बघा. आवाज सापडला तर फोल्डरला माणसाचं नाव, गावाचं नाव आणि वर्ष द्या, दोन ठिकाणी प्रत ठेवा. टिंब ठेवायचं की काढायचं, ते मात्र ज्याचं माणूस त्याला विचारून ठरवा.